बारा गुंजा

मीनल: हलू नकोस अतुल. पाय उचलू नकोस, प्लीज. इथेच कुठेतरी पडलीय.

अतुल: अगं पण मंगळसूत्र तुटलं कसं?

मीनल: रेतीतले सोन्याचे कण शोधायला पॅन घेऊन हौदावर वाकले आणि हेल्मेटच्या पट्ट्यात अडकलं. खाणीतून वर आल्या आल्या द्यायला हवं होतं परत. फोटोसाठी ठेवलं. मणी ओंजळीत आले, एक वाटी स्वेटरला लटकली. दुसरी नाहीये.

आई: कुठली ऱ्हायली?

मीनल: ही माहेरची. गेली ती तुमच्याकडची, आई.

आई: हं.

अतुल: मग आपण नवीन करू ना. शनिवारी लेस्टरला जाऊ. बेलग्रेव्ह रोडला रांगेने आपल्या सोनारांची दुकानं आहेत.

मीनल: मला नवीन नकोय.

आई: सूनबाई, हात काढ आधी पाण्यातनं.

मीनल: अहो, आत्ताच पडलीय. वरच असेल.

आई: सोनं कधी वर बसतंय? तू ढवळशील तसं ते खाली जातंय.

अतुल: आई.

आई: काय आई?

अतुल: काही नाही. तू बाकावर बस जरा. पाय दुखतील.

आई: सकाळी ह्या सोन्याच्या खाणीत उतरताना न्हाई दुखलं. तवा म्हणत हुतास, बघ आई, दोन हजार वर्सांमागं रोमनांच्या मजुरांनी खणलीया, एकेका दिव्यावर. डोळं भरून आलं हुतं तुझं. त्या मजुरांचं लई कौतिक.

मीनल: गाईडला विचारलंस का?

अतुल: विचारलं. पाचला बंद. रोज हौदातलं पाणी सोडतात, रेती मागच्या ढिगावर टाकतात, सकाळी नवीन भरतात. नंबर लिहून द्या म्हणाली, सापडली तर कळवू.

मीनल: ढिगावर? वेल्समधली सगळी रेती तिथे असेल. चार चाळीस झालेत अतुल. आणि तो निळ्या टी-शर्टवाला माझ्याच जागी पॅन घालत होता. त्याच्याकडे गेली असेल तर?

आई: न्हाई गेली. त्याचं ताट मी बघत हुते. कण हुता तो पाण्यात सोडला आणि चकचकीत दगूड खिशात घातला.

मीनल: आई, तुम्हाला कसं कळणार... सॉरी. मला काही सुचत नाहीये.

आई: असूदे.

अतुल: चला, नंबर देऊन निघू. ब्रिस्टलला पोचायला रात्र होईल.

आई: मी न्हाई येत.

अतुल: एका वाटीसाठी?

आई: बारा गुंजांची वाटी. कशी केली, ठावं हाय तुला?

अतुल: आपण घरी बोलू.

मीनल: कशी केली म्हणजे? तुमच्या पेढीवरची ना ती? गुजरीतली पेढी, बाबांनी नंतर विकली ती?

आई: पेढी?

अतुल: आई, प्लीज.

आई: हुत्या की पेढ्या. कोल्हापुरात गुजरीत चाळीस पेढ्या हुत्या. सकाळी झाडून झालं की त्यांच्या दारातली धूळ आणि गटारीतला गाळ आमी इकत घ्यायचो. नदीवर न्यायचा, धुवायचा. सोनाराच्या कानशीतनं उडालेला कण त्यात घावायचा. झारेकरी म्हंत्यात आमाला. ह्याच्या वडलांनी मरंस्तवर तेच केलं.

मीनल: अतुल?

अतुल: तुझ्या बाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, गुजरीत म्हणजे सराफी का? मी हो म्हणालो. नुसता हो. मग तो परत घेताच आला नाही.

मीनल: चार वर्षं?

आई: त्ये भांडण गाडीत काढा, रस्ता लांब हाय. आता टाइम न्हाई. गाळातनं घर चालायचं. त्यातली वर्साला एक गुंज मी बाजूला ठेवायची, हा पाळण्यात असल्यापास्नं. एका साली दोन निघाल्या. अकरा वर्सांनी वाटी झाली, ह्याच्या बायकूसाठी. आता ती ढिगावर टाकून गाडीत बसू?

मीनल: तुम्ही काढाल ती?

आई: हितं हौदात न्हाई निघायची, समदे ढवळत्यात. तुझ्या पायापास्नं त्या नळापतूर रेती पायजे, बुडाच्या गाळासकट, बादलीत. अतुल, जा. त्या बाईला म्हण, गाळ दे.

अतुल: इथे असं कुणी मागत नाही गं.

आई: आमी चाळीस दारात मागितला. शेठ उंबऱ्यात, मी पायरीखाली. तुला एकीलाच मागायचाय, आणि ती सकाळधरनं हसून बोलतीया.

अतुल: आणि तिने विचारलं, कशाला हवाय, तर?

आई: तोंड तुझं हाय. तू ठरव.

अतुल: सगळे बघतायत.

मीनल: बघू देत. जा, अतुल. दहा मिनिटं राहिलीत.

अतुल: जातो.

मीनल: गेला. आई, मला तुम्ही तरी सांगायचंत.

आई: पोरानं झाकलेलं आईनं उघडू न्हाई. तीन म्हैनं गप बसले तुझ्या घरात. आज न्हाई बसवलं.

मीनल: नाही सापडली तर?

आई: ह्यांचा फोटू बी न्हाई आमच्यापाशी. लग्नात काढलेला पुरात गेला. त्यांच्या हातचं तेवढंच हाय, तुझ्या गळ्यात.

मीनल: आला. दोन बादल्या आहेत हातात.

अतुल: पैसे नको म्हणाली. साडेपाचपर्यंत थांबते म्हणाली.

मीनल: काय सांगितलंस?

अतुल: ती म्हणाली, एवढी बारीक रेती धुणं सोपं नाही, आम्हालाच जमत नाही. मी म्हणालो, माझ्या आईचा धंदाच तो आहे.

आई: बरं. भर बादली. फावडं बुडाला लाव, वरचं नगं. सूनबाई, मोठं खडं हातानं वेच. ताट असं तिरकं. पाण्याला जाऊ द्यायचं, आडवायचं न्हाई.

मीनल: सगळंच वाहून जातंय, आई.

आई: जायचं ते जातंय. तू खडं वेच.

अतुल: पहिली बादली संपली. काही नाही.

आई: दुसरी घे.

मीनल: पाच पंचवीस. ती चाव्या घेऊन उभी आहे.

आई: तिला म्हण, लांब का, जवळ ये.

अतुल: आई, खाली काळी रेती दिसतीय.

आई: सोनं तिच्यातच बसतंय. आता कुणी बोलू नगा.

मीनल: आई...

आई: वाक. पट्टा सोडून वाक. तुझ्या हातानं उचल.

मीनल: तीच आहे. अतुल, तीच आहे. आणि तिच्या बाजूला हे काय चमकतंय, टाचणीच्या टोकाएवढं?

आई: त्ये हितलं. त्या बाईला दे, गाळ तिचा हाय.

अतुल: आई, ऊठ आता. थंडी वाजेल. हात दे.

आई: बादलीच्या बुडाला आणि ओंजळभर हाय. निम्मं धुतलेलं टाकून उठत न्हाईत.

अतुल: मग सरक की जरा. ताट हिकडं दे, मी धुतो.