पुढच्या खोलीतला डबा

तुम्हाला सांगते, यांचा आवाज परत यावा म्हणून मी सोळा सोमवारांचा नवस बोलले होते. यांनी स्पीकरचे दोन डबे घरीच बनवले होते आणि दोघांपुढे एकेक माइक लावून आमची आरती भरून ठेवली होती. हे गेल्यावर एक डबा मी स्वयंपाकघरात आणला, तर त्यातून माझाच आवाज येई. वाटलं, यांचा पुसला गेला.

रेडिओ दुरुस्त करणारी पुतणी अकोल्याहून आली. म्हणाली, "काकू, काका पुढच्या खोलीतल्या डब्यात हायेत. तुमी तिकडं बसतच नाई, त कसे ऐकू येतीन तुमाले?"

तिनं मोनोचं बटण बसवून दिलं. आता दोन्ही डब्यांतून दोघांचाही आवाज येतो.

सोमवार पाळतेच आहे. तुम्हीही आरती भरून ठेवा बाई, फक्त दोघं एकाच माइकसमोर बसा.