नायट्याच्या गोळ्या

इस्लामपुरात डॉक्टरांच्या ओट्यावर नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी कुंडलकडच्या एका तालमीचे वस्ताद मांडी खाजवत होते. त्यांच्या पलीकडे पेन्शनीतले सुभेदार.

"वस्ताद, नायटा वाटतं?"

"व्हय सुभेदार. तालमीतल्या बाराबी पैलवानांना झालाय. पंधरा दिसांवर जत्रंचं मैदान, आन् असल्या अंगाला पंच आत सोडत न्हाईत."

"मग औषध न्हाई घेतलं?"

"म्हैन्याखाली बारा जणांच्या गोळ्या नेल्या की. डॉक्टर म्हणालं, बुरशी सोताभवती भिंत बांधून ऱ्हाती. ही गोळी तिला भिंतच बांधू देत न्हाई. मग ती उघड्यावर मरती."

"म्हंजे दुश्मनाला बंकर बांधू द्यायचा न्हाई. लय झ्याक. मग?"

"मग मी इचार केला. बुरशी आमाला लागती कुठनं? आखाड्याच्या मातीतनं. म्हंजे भिंती तिनं तिथं बांधल्यात."

"बरं."

"मातीत आमी हळद, ताक, तेल घालतोच. औंदा गोळ्या बी कुटून घातल्या."

"समद्या?"

"समद्या. पार मैद्यागत बारीक करून."

"आवं, त्या दुधासंगं पोटात घ्यायच्या असत्यात."

"दुधाचं डॉक्टरांनी सांगितलं हुतं. दोन घागरी वतलं."

"आन् गुण आला?"

वस्तादांनी दुसरी मांडी खाजवायला घेतली.

"मातीला आला असंल. ती काय खाजवताना दिसत न्हाई."