अपुऱ्या जपाची वही

ज्याच्या नामाने वाणी शुद्ध होते, त्या रामरायाला दंडवत घालून सांगतो.

माझी सून ट्रेसा मूळची वसईची. इथे शारजात इंग्रजी शिकवते. एका शुक्रवारी दुपारी रोल्ला भागातल्या आमच्या घरी ती एका थोर आयरिश कवीविषयी सांगत होती. त्याने जन्मभर प्रेम केले एकीवर, लग्न झाले दुसरीशी. ती पत्नी कागदावर लेखणी टेकवी आणि तिच्या हातून म्हणे परलोकातले आत्मे लिहीत. कवी शेजारी बसून त्यांना प्रश्न विचारी.

"खोटं वाटतं ना, बाबा? करूनच दाखवते," म्हणत तिने हाताशी आलेली वही ओढली, पेन्सिल टेकवली आणि डोळे मिटले.

ती माझ्या दिवंगत पत्नीची लिखित जपाची वही होती. शेवटचे पान अपुरे ठेवून ती गेली. संकल्प तिचा, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता; पण त्यापायी ती अडकून तर राहिली नसेल, ही चिंता मला छळत असे.

मी अडवण्याआधीच पेन्सिल चालू लागली. राम, राम, राम. अक्षर ट्रेसाचे नव्हते. त्या कवीसारखेच मी विचारले, "कोण आहे?"

पेन्सिल थांबली आणि समासात उमटले, "जप चालू आहे. मध्ये बोलू नका हो." मग उरलेल्या ओळी भरल्या, पान संपले.

ट्रेसाने डोळे उघडले. "काय लिहिलं मी, बाबा?"

"तुझ्या सासूबाईंनी जप पुरा केला," मी म्हणालो, "आणि जाता जाता मला गप्प केलं."

ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे संकल्प सिद्धीस जावोत, घरोघरी नाम नांदो.