कालव्यातली गाय

(दक्षिण कँटरबरी, जानेवारी २०१५, तिथला भर उन्हाळा. कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्यावर गाडीत आई आणि मुलगी.)

सुरेखा : पण ऑकलंडची नोकरी चांगली आहे ना? तुझा भाऊ तिथे, आपली माणसं तिथे. इथे काय, डोंगर आणि मेंढ्या.

अस्मिता : आणि धरण, आई. वरच्या तलावाचं पाणी खालच्या कुरणांना मी पोचवते. सोमवारपर्यंत कळवायचंय त्यांना. बघू.

सुरेखा : गाडी का थांबवलीस?

अस्मिता : कालव्यात बघ. गाय पडलीय.

सुरेखा : अगं बाई. वर का येत नाही ती?

अस्मिता : काठ काँक्रीटचा, खूर घसरतात. पाणी उतरलं तर उभी राहील. थांब, मागचं कालव्याचं गेट फोनवरून बंद करते... अर्ध्यावर अडकलं. हाताने फिरवावं लागेल. तू बस गाडीत.

सुरेखा : का, मला हात नाहीत? चल.

अस्मिता : हे चाक. उजवीकडे फिरव, जोर लाव. मी खालच्या शेतकऱ्याला सांगते. हॅलो, ग्रॅहम? काऊ इन द कॅनाल. तुझं पाणी थोडा वेळ बंद करतेय, सॉरी मेट.

सुरेखा : मराठीत बोललीस त्याच्याशी.

अस्मिता : अय्या. तरी 'स्वीट ॲज' म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही.

सुरेखा : चिडला नाही? एवढ्या कोरड्या उन्हाळ्यात?

अस्मिता : गाय त्याची नाहीच, शेजाऱ्याची आहे. पण उद्या त्याचीही पडू शकते. बास, बसलं गेट. आता वरचं पाणी सांडव्यातून नदीत जाईल.

सुरेखा : उतरतंय गं. उभी राहिली बघ. पण हलत नाही.

अस्मिता : घाबरलीय. पुढे उतार केलाय, तिथून येईल वर.

सुरेखा : तू मागून टाळ्या वाजव, मी पुढून बोलावते. ये गं. ये, बाई. हळू. अशी.

अस्मिता : आई, बाजूला हो. ती जोरात येईल.

सुरेखा : येऊ दे. आली, आली... शी. शेपटीनं पार भिजवलं मला.

अस्मिता : आणि हसतेस काय?

सुरेखा : काही नाही. किती दिवसांनी अशी धावले. गेली बघ, लगेच चरायला लागली. जसं काही झालंच नाही.

अस्मिता : मग ऑकलंडला काय कळवू?

सुरेखा : ते बघू नंतर. आधी गेट उघड. तो माणूस खाली पाण्यासाठी थांबलाय.