पंखा बंद असल्याबाबत

दिनांक ९ नोव्हेंबर, सोमवार.

जबाब देणार: मयताची वहिनी, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी (तपासणी विभाग), राहणार कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, सासूबाई व धाकटे दीर असे चौघे राहतो. राहत होतो.

दीर व मी एकाच कारखान्यात कामाला. तिथे अंतराळयानाचे भाग धातूच्या भुकटीपासून थ्रीडी प्रिंटिंगने बनवतात. भुकटीचा पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच वितळवायचा, त्यावर पुढचा थर. दीर ते मशीन चालवत. तयार भाग तपासणीला माझ्याकडे येई. दीरांनी घरी समजावताना ‘छपाई’ म्हटले, तेव्हापासून सासूबाई शेजारी सांगतात की धाकटा छापखान्यात आहे. दीरांनी ते कधी दुरुस्त केले नाही.

मशीनमध्ये हवेऐवजी आर्गॉन वायू भरतात. त्याला वास नाही. गळला तर खाली साठतो आणि तिथे श्वास घ्यायला प्राणवायू उरत नाही. मशीनखाली भुकटीचा डबा बदलण्यासाठी खड्डा आहे. म्हणून तिथला एक्झॉस्ट पंखा कायम चालू ठेवायचा असतो.

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास मी विभागात गेले. इंजिनात इंधन फवारणारा भाग शुक्रवारपासून मशीनवर होता, तो कधी मिळेल हे विचारायचे होते. विभागाचे इनचार्ज तिथे होते. दीर त्यांना म्हणाले, “साहेब, खड्ड्यातला पंखा बंद आहे.”

इनचार्ज म्हणाले, “मीच बंद केलाय. बाहेरची दमट हवा आत ओढतोय. भाग निघेपर्यंत राहू दे.”

“मग डबा बदलायला तुम्हीच उतरा.”

इनचार्ज हसले. मीही हसले. दीर मला म्हणाले, “वहिनी, या वेळी तरी एका झटक्यात पास करा. घरचं माणूस आहे.” मी म्हटले, “भाऊजी, घरच्या माणसाचं मी दोनदा तपासते.” त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

खड्ड्यात प्राणवायू कमी झाल्यावर वाजणारा गजर आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, आहे. तो भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला आहे. तो वाजला नाही.

अकराच्या सुमारास ओरडा ऐकून मी धावत गेले. दीर खड्ड्यात डब्याजवळ पालथे पडलेले होते. एक जण उतरू लागला, त्याला इतरांनी मागे ओढले. पंखा चालू करून, श्वासाचा मुखवटा लावलेला माणूस खाली जाईपर्यंत आम्ही वर उभे होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी हाका मारल्या.

मशीन चालूच होते. काचेतून लेझरचा ठिपका फिरताना दिसत होता. कोणीतरी बटणाकडे हात नेला, तेव्हा इनचार्ज म्हणाले, “त्याला हात लावू नका. थोडेच थर राहिलेत, मध्येच थांबलं तर सगळं वाया.” कोणीही बंद केले नाही. मीही केले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी दीर मृत असल्याचे सांगितले. व्हरांड्यात इनचार्ज माझ्या पतींना म्हणाले, “पंखा त्यानंच बंद केला असणार. ऐकायचा नाही कुणाचं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्हीही आमच्याकडेच नोकरीला आहात.” पतींनी माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा काही बोलले नाही.

सायंकाळी विभागातून फोन आला. “ताई, भाग निघालाय. एक नंबर आलाय. उद्या तपासून द्याल ना?” मी फोन ठेवला.

पती शवागारापाशी थांबले. सासूबाईंना नणंद घेऊन गेली होती. मी एकटी घरी आले. दोरीवरचे कपडे वाळले होते. ते काढून घड्या घातल्या, दीरांचे त्यांच्या कपाटात ठेवले. मग कुलूप लावून इथे आले.

हा जबाब मला वाचून दाखवला. पंख्याबाबत इनचार्जचे सकाळचे बोलणे मी ‘ऐकले असे वाटते’ असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडले. मी ते ऐकले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.