चाळणी कुणी दाखवली?

उभा कावून हाईस बे, बंकट? बस त्या पोत्यावर. आता आठवण झाली व्हय मालकाची? काल त्या डॉक्टरीणबाईला सगळा घाणा फिरून दाखवलास, तवा न्हाई झाली! ह्या अर्जुनरावाच्या घाण्यावर पोट भरायचं, अन् त्यालाच आग लावायची — वा रे वा!

गप. मी बोलाय लागलोय ना? गावात लोकांचे पाय सुजले, अंगाची आग आग व्हाया लागली, दम लागाय लागला — मी काय करू त्याला? पाणी खराब आसंल. मी म्हणलोच बाईला, पाणी बघा. तर ती म्हणती कशी — दिलावर मेकॅनिक अन् त्याचा शेजारी एकाच नळाचं पाणी पितेत, शेजाऱ्याचं समदं घर आंथरुणाला अन् दिलावरच्या घरात कुणाला शिंकसुद्धा न्हाई. कावून? तर दिलावर पुड्याचं तेल खातो, शेजारी आपल्या घाण्याचं. चुलीचुलीपाशी जाऊन तेल बाटल्यात भरून नेलं तिनं! माझ्या घरी आली, तर आमची मालकीण सूर्यफुलाचा पुडा काढून दाखवती — येडी! — बाई माझ्याकडंच बघाय लागली. आरं, आमी पैल्यापासूनच ते — म्हंजे ह्या महिन्यापासून — जाऊ दे ते.

अन् तू? तू तिला मोडकी चाळणीच दाखवलीस! म्हणलास, करडईत पिवळ्या धोतऱ्याचं काळं बी व्हतं, न चाळता पिळलं. व्हय, तू म्हणलतास मला — मालक, हे बी इखारी हाय, चाळणी दुरुस्त होऊ द्या. मीच म्हणलो, चालू दे, गिऱ्हाईक दारात उभं हाय. मग? ते काय बाईला सांगायचं असतं व्हय? उद्या पुन्हा येणार हाय ती. तू सांगायचं — चाळायचं मीच इसरलो. एवढंच. तुझ्या केसाला धक्का लागू देणार न्हाई.

अन् तुझ्या आईचं मला सांगू नको. बायनाबाई दवाखान्यात हाय, ठाव हाय मला. म्हातारं माणूस, आधीच दमेकरी — तेलानंच झालं कशावरून? सणाला तेलाचा डबा मीच दिलता तिला, माझ्या हातानं. इख म्हणून दिलता का? आँ? बोल की!

काय? जीप? जीप कशाला? आईला घरी आणायला? मग सोडलं म्हण की तिला! बघ, मी काय म्हणत व्हतो —

गेली? कवा?

चावी... जीपची चावी खुंटीला हाय. ने, बाबा.