फक्त त्यालाच येणारं उत्तर

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या दवाखान्यात मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं, तशी प्रसादने फुकटच्या करमणुकीसाठी मान न वळवता कान लावले.

“मिलिंदला किती दिवस ओलीस ठेवणार गं? सरकार काय म्हणतं?”

“ताई, जहाज धरणाऱ्या त्या टोळीला सरकार मानतच नाही, मग बोलणार कसं? कंपनीचा मध्यस्थच बोलतो. मिलिंद जिवंत असल्याची खात्री करायला त्याने माझ्याकडे प्रश्न मागितला. मी दिला, ईशाला लाडाने काय म्हणतोस?”

“आलं उत्तर?”

“आलं. चुकीचं.”

“वाढदिवस विसरणारा माणूस तो. घाबरून विसरला असेल.”

“लेकीचं नाव, ताई?”

“मग काय कळवलंस?”

“बरोबर आहे म्हणून. चूक म्हटलं, तर बोलणीच थांबतील.”